फुगा घेऊन आलेलं साळिंदर

खैरगावात कोणी न बघितलेलं कार्टून आठवडाभर घरी ठेवून घ्यायची पाळी चैत्रात उर्मिला ढोबळेच्या घरावर आली. नळाचं पाणी गल्लीगल्लीनं सुटतं तशी ही पाळी घराघरानं फिरायची, आणि आली की नाही म्हणायची सोय नव्हती. माघात ती गुरवांकडे होती. त्यांच्याकडे एक बोलका कंदील आला होता. आठवडा संपला तरी गुरवांच्या घरातलं कोणी त्याच्याबद्दल एक चांगला शब्द बोललं नाही, म्हणून कंदील ओल्या फडक्यानं पुसून टाकण्यात आला. त्याचा डाग अजून भिंतीवर आहे. गुरवांनी वरून चुना दिला, तरी वर येतो.

हे सगळं ठाऊक असल्यामुळं फडतरे साहेब दारात दिसले तेव्हा उर्मिला उंबऱ्यातच थांबली. साहेब तालुक्याच्या दुर्लक्षित चित्र खात्यातले. कार्टून त्यांनी कॅलेंडरसारखं गुंडाळून काखेत आणलं होतं.

"घरात कोण कोण?"

"मी, आत्या, आणि ही. मालक टेम्पोवर असतात."

आत्या म्हणजे तिच्या सासूबाई. ही म्हणजे स्वरा, दीड वर्षांची, उर्मिलाच्या कडेवर. स्वरा कायम कडेवरच असायची. खाली ठेवली तर काय काय होऊ शकतं ते उर्मिलाला पाठ होतं. पलंगाच्या कोपऱ्यांना तिनं जुन्या साडीच्या चिंध्या गुंडाळल्या होत्या, आणि द्राक्ष ती चार तुकडे करून मगच पोरीच्या तोंडात घालायची.

साहेबांनी कार्टून भिंतीवर उलगडलं. त्यातून एक साळिंदर बाहेर आलं, अंग झाडलं आणि कोपऱ्यातल्या पोत्यावर बसलं. ते कागदाएवढं पातळ होतं. समोरून बघितलं तर साळिंदर, मागून बघितलं तर काहीच नाही. त्याला एकच हात होता आणि त्या हातात लाल फुगा होता.

"दुसरा हात?" आत्यांनी विचारलं.

"काढलेला नाही," साहेब म्हणाले. "ते सगळीकडं एकाच अंगानं चालतं. पलीकडचा हात दिसतच नाही, मग रंग कशाला घालवायचा?"

मग त्यांनी माहिती सांगितली. पिठाच्या गिरणीमागच्या शेडमध्ये दोघा भावांनी कार्टूनचा कारखाना काढला होता. गिरणीच्या घरघरीत आवाज भरता यायचा नाही, म्हणून गिरणीच्या सुट्टीच्या वारी भरायचे. सगळे आवाज थोरल्या भावाचेच, वाऱ्याचा सुद्धा. पुढं रंग संपला, मग कारखाना संपला. मागं उरलं ते हे एवढंच, सहा मिनिटांचं.

"आठवडाभर रोज बघायचं. पुढच्या बुधवारी मी येईन. घरातल्या एकानं याच्या तोंडावर, मोठ्यानं, याचा एक गुण सांगायचा. पटला तर हे राहिलं. नाही तर फडकं मी सोबत आणतोच."

"मी सातवीपर्यंतच शिकलेय, साहेब," उर्मिला म्हणाली. "गुण म्हणजे कसा सांगायचा असतो?"

"ते घरानं बघायचं."

साहेब गेले. उर्मिला साळिंदराकडं बघत राहिली. पाहुणा म्हणावा की वस्तू म्हणावी, तिला कळेना. शेवटी तिनं विचारलं, "पाणी देऊ?"

"ताईकडं निघालोय," साळिंदर थोरल्या भावाच्या आवाजात म्हणालं.

"जेवायचं कसं करता?"

"फुगा आहे, जरा जपून."

"झोपायला काही अंथरू का?"

"ऊन फार नाही," साळिंदर म्हणालं. बाहेर चैत्राचं ऊन पत्रा तापवत होतं.

त्याला एवढीच तीन वाक्यं येत होती. कार्टूनात तेवढीच होती.

"बरंय," आत्या म्हणाल्या. "तुझ्या सासऱ्यांना दोनच यायची."

संध्याकाळी साळिंदर भिंतीवर चढलं आणि कार्टून सुरू झालं. शेजारपाजारच्या बायकापोरं बघायला आली होती. गोष्ट अशी होती. साळिंदर हातात फुगा घेऊन ताईच्या गावाला निघतं. वाटेत बाभूळ येते. फुगा फांदीला घासून जातो. पुढं काटेरी तारेचं कुंपण येतं. मग निवडुंग. मग शिंप्याचं दुकान, त्याच्या दारात सुया उन्हात मांडलेल्या. मग पुन्हा तीच बाभूळ, कारण झाड एकच काढलेलं होतं. आणि हे सगळं कमी म्हणून साळिंदराच्या पाठीवर स्वतःचे काटे. वारा सुटला की फुगा मागं वळून त्या काट्यांवर टेकायचा आणि परत पुढं यायचा. शेवटी एक दार येतं. साळिंदर दारावर टकटक करतं. समाप्त.

"फुटला नाही?" पोरं ओरडली.

"फुटायची चित्रं वेगळी काढावी लागतात," उर्मिलानं साहेबांकडून ऐकलेलं सांगितलं. "चिंध्या उडालेल्या, साळिंदराचा आ वासलेला. तेवढा रंग उरला नव्हता."

"मग दाखवायचं तरी कशाला?" कोपऱ्यावरच्या गोसावीकाकू पदर झटकत उठल्या. "एवढे काटे दाखवायचे आणि शेवटी काहीच नाही. ही फसवाफसवीच म्हणायची, बाई." गल्ली त्यांच्यामागं उठून गेली. दुसऱ्या दिवशी कोणी आलं नाही.

उर्मिलाला मात्र रोज बघणं भाग होतं. पहिल्या दिवशी तिनं स्वराला इतकं घट्ट धरलं की पोर रडायला लागलं. दुसऱ्या दिवशी तिला ठाऊक होतं की फुगा फुटत नाही, तरी बाभूळ आली तसा तिनं श्वास रोखला. काल फुटला नाही म्हणून आज फुटणार नाही, असं कुठं असतं? तिसऱ्या दिवशी नागेश, तिचा नवरा, घरी होता. तो जेवता जेवता म्हणाला, "अगं, चित्र आहे ते. काढलेलंच नाही तर फुटेल कुठून?"

"तुमचा टेम्पो सुद्धा दर खेपेला नीट येतो," उर्मिला म्हणाली, "तरी मी दारात उभी राहतेच ना?"

नागेशनं ताट पुढं सरकवलं. त्यानं आमटी मागितली.

चौथ्या दिवशी एक गोष्ट घडली. कार्टून संपलं आणि उर्मिलानं खाली बघितलं तर तिच्या हातातला चहाचा कप रिकामा होता. चहा गरम असतानाच ती प्यायली होती. स्वरा झाल्यापासून तिच्या वाट्याला आलेला प्रत्येक चहा साय धरलेला असायचा. हा कधी प्यायला, कसा प्यायला, तिला आठवेना. तिनं आत्यांना विचारलं, "माझा चहा तुम्ही प्यायलात का?"

"मी कशाला पिऊ तुझा गोड मिट्ट?"

उर्मिला गोंधळली. पाचव्या दिवशी तिनं मुद्दाम लक्ष ठेवलं. तारेचं कुंपण आलं, फुगा तारेवरून सरकला, काही झालं नाही, आणि तिचे खांदे आपोआप खाली आले. खांदे इतके दिवस वर होते हे तिला तेव्हा कळलं. ती साळिंदराशेजारी पोत्यावर जाऊन बसली आणि हळूच म्हणाली, "तुम्ही चांगले आहात हो."

फुगा एकदम थरथरला.

"अगं ए!" आत्या चुलीपासून ओरडल्या. "तोंडावर तारीफ करतीस? फुगा घेऊन हिंडणाऱ्या लेकराची? नजर लागली म्हणजे?"

उर्मिला पटकन पोत्यावरून उठली. आत्या म्हणाल्या ते खोटं नव्हतं. मागच्या जत्रेत एका बाईनं स्वराचे केस किती दाट म्हणून कौतुक केलं आणि त्याच रात्री पोरगी तापानं फणफणली. तेव्हापासून कोणी स्वराला बघून छान म्हटलं की उर्मिला लगेच म्हणायची, कसली छान, नुसती किरकिरी आहे.

आणि आता बुधवारी साहेब येणार. गुण सांगितला तर नजर लागणार आणि फुगा जाणार. नाही सांगितला तर सगळं साळिंदरच पुसलं जाणार. दोन दिवस तिनं यावर विचार केला. भाकरी करपल्या. एकदा तिनं साळिंदरालाच विचारलं, "तुम्हीच सांगा, मी काय करू?"

"फुगा आहे, जरा जपून," ते म्हणालं.

बुधवारी साहेब आले. त्यांच्या हातात बादली होती आणि बादलीत फडकं. त्यांनी खुर्ची भिंतीसमोर ओढली, कार्टून एकदा पूर्ण बघितलं आणि म्हणाले, "हं. सांगा. आवडलं का?"

साळिंदर समोरच उभं होतं. उर्मिलानं त्याच्याकडं बघितलं नाही.

"काही खास नाही," ती म्हणाली.

साहेबांनी चष्मा नीट केला. "विचार करून सांगा, ताई. एक तरी गुण?"

"कसला गुण, साहेब. दिसायला बरं नाही. काटे तरी पाठभर आहेत का? मोजकेच. एक हात नाही. बोलायचं म्हणाल तर आम्ही विचारतो एक, ते सांगतं दुसरंच."

"चाल कशी वाटली?"

"फेंगडी."

"आवाज?"

"पिठानं घसा बसल्यासारखा."

"किरकिरं पण आहे," आत्यांनी जोड दिली. "दिवसभर घरात नुसती लुडबुड."

साहेबांनी सुस्कारा सोडला. एवढं वाईट तर गुरव कंदिलाबद्दल सुद्धा बोलले नव्हते. ते उठले, बाह्या वर केल्या आणि बादलीत हात घातला. फडकं पिळलं तसं पाणी टपटप पडलं. साळिंदर भिंतीला टेकलं. "ताईकडं निघालोय," ते म्हणालं, आणि फुगा छातीशी धरला.

"थांबा!" उर्मिला म्हणाली. स्वराला तिनं आत्यांकडं दिलं, फळीवरची काजळाची डबी काढली आणि भिंतीपाशी गेली. "आधी तीट लावते. मग काय ते बोलते."

"चित्रात फेरफार करता येत नाही, ताई."

"फेरफार कुठला. तीट आहे ती."

तिनं बोटानं साळिंदराच्या गालावर काळा ठिपका लावला. पण साळिंदर चालायला लागलं. ठिपका एकदा लकाकला आणि गेला. सात-आठ पावलं झाली, पुन्हा दिसला, पुन्हा गेला. प्रत्येक पावलाचं साळिंदर वेगळं होतं आणि तीट त्यातल्या एकालाच लागली होती.

"सगळ्यांना लाव," आत्या म्हणाल्या.

"किती असतील?" उर्मिलानं विचारलं.

साहेबांनी फडकं हातात धरूनच हिशोब केला. "मोठ्या कारखान्याचं असतं तर हजारो. यात चालायची चित्रं आठच आहेत. तीच फिरवून फिरवून वापरली आहेत."

"मग झालंच की," आत्या म्हणाल्या. "फुग्याला मात्र बोट लावू नको. नख लागेल."

उर्मिलानं पाऊल पडेल तसं एकेका साळिंदराला धरून गालावर ठिपका लावला. शेवटचा लागला आणि तीट गालावर थांबली. आता ते चालत होतं तरी ती हलत नव्हती. उर्मिलानं बोट केसांना पुसलं आणि साहेबांकडं वळली.

"आता ऐका. ह्यात काही होत नाही, साहेब. हाच गुण. बाभूळ येते, तार येते, सुया येतात, माझा जीव गोळा होतो, आणि काही होत नाही. मला असं आजवर कोणी दाखवलं नाही. कुठंही काटा दाखवला की पुढं रक्त असतंच. सिनेमात असतं, बातम्यांत असतं, शेजारणीच्या गोष्टीत तर असतंच असतं. मग मी घरात काटा बघितला की मला पुढचं दिसायला लागतं. बादली दिसली की पोर त्यात पडलेलं दिसतं. आत्ता सुद्धा दिसतंय, तुमच्या बादलीत." तिनं बादली पायानं बाजूला सरकवली. "हे साळिंदर अख्ख्या काट्यांतून फुगा घेऊन जातं आणि दारापर्यंत पोचतं. रंग संपला म्हणून पोचलं असेल. मला चालतं. माझा फुगा कशानं का पोचेना."

स्वरानं आत्यांची नथ धरली होती, ती आत्या हळूच सोडवत होत्या.

"गुण चांगला आहे," साहेब म्हणाले. "पण मला धरता येणार नाही."

"का?"

"तीट कोणाला लावतात?"

"घरच्या लेकराला," आत्या म्हणाल्या. "परक्याच्याला कोण लावतंय? उगाच भांडणं."

"तेच. तीट लावली म्हणजे हे घरचं झालं. घरच्या लेकराचं घरच्यांनीच केलेलं कौतुक खातं मानत नाही." साहेबांनी फडक्याकडं बघितलं. "आणि घरचं लेकरू पुसायचा अधिकारही खात्याला नाही. असं आधी झालेलं नाही. मी काय करायचं ते मलाच कळेना झालंय."

"चहा घ्या," उर्मिला म्हणाली.

साहेबांनी चहा घेतला. फडकं त्यांनी अंगणातल्या दोरीवर वाळत घातलं आणि जाताना दारात थांबून सांगितलं, "घरचं म्हटल्यावर एक लक्षात ठेवा. उपकेंद्रात शुक्रवारी लसीकरण असतं. पोराचा डोस चुकवून चालत नाही."

शुक्रवारी उर्मिला दोघांना घेऊन निघाली. स्वरा कडेवर, साळिंदर बाजूनं. उपकेंद्राच्या वाटेवर कोणी कुंपण घातलेलं, कोणी बोरीच्या फांद्या टाकलेल्या. ती दोनदा थांबली, दोनदा परत फिरावंसं वाटलं. साळिंदर मात्र आठ पावलं टाकायचं आणि पुन्हा तीच आठ. "ऊन फार नाही," ते म्हणालं.

"भाजतंय नुसतं," उर्मिला म्हणाली आणि पदर त्याच्या डोक्यावर धरला.

रांगेतल्या बायकांनी फुगा बघून आपापली पोरं मागं ओढली. मुलाणी सिस्टरनी आधी स्वराला टोचलं. स्वरा रडली आणि गप्प झाली. मग सिस्टरनी साळिंदराला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"हे कुणाचं?"

"माझंच," उर्मिला म्हणाली.

"किती पातळ ठेवलंय. खायला घालता की नाही?"

"खातच नाही हो."

"सगळ्या आया हेच सांगतात. हात पुढं कर, बाळा." साळिंदरानं हात पुढं केला. त्यात फुगा होता. "हा नको, दुसरा."

"दुसरा काढलेलाच नाही," उर्मिला म्हणाली.

सिस्टरच्या हातात सुई होती. सुईपासून फुगा वीतभरावर होता. सिस्टर म्हणाल्या, "मग ह्याच हातावर देते. फुगा कोणीतरी धरा. चला, लवकर. आईनंच धरा."

एका हातानं तिनं स्वराला धरलं होतं, दुसऱ्यानं पिशवी. फुग्याला दोन्ही हात हवेत असं तिला वाटलं. तिनं इकडंतिकडं बघितलं. मग पिशवी बाकावर ठेवली, खाली वाकली आणि स्वराला फरशीवर उभं केलं. स्वराचे पाय गार फरशीला लागले तशी तिनं तोंडाचा चंबू केला.

साळिंदरानं दोरा सोडला आणि उर्मिलानं धरला. फुगा तिला वाटला होता त्याहून हलका होता, जवळजवळ नसल्यासारखाच. सिस्टरनी सुई टोचली. ती साळिंदराच्या हातातून थेट पलीकडं निघाली आणि मागच्या भिंतीवर टेकली.

"पातळ आहे," सिस्टर पुन्हा म्हणाल्या आणि कापूस दाबला. "अर्धा तास बाहेर बसा. ताप आला तर पाव गोळी. पुढचं कोण?"

बाहेर लिंबाखाली बाक होता. साळिंदर त्यावर कडेला टेकलं. त्याचा हात दुखत असावा, कारण त्यानं फुगा परत मागितला नाही. उर्मिला दोरा धरून बसली. समोर स्वरा एकेक पाऊल टाकत अंगणात निघाली होती. अंगणाच्या टोकाला तारेचं कुंपण होतं. उर्मिलानं ते बघितलं, बाकावरून उठली नाही, आणि अर्धा तास व्हायला अजून किती आहे ते शेजारच्या बाईला विचारलं.